जुन्या राजकीय बातम्यांतला ‘नाराज’ म्हणजे नेमका कोण?

तुम्ही विचारलंय, की 1980-90च्या सुमाराचे मुंबईचे मराठी पेपर चाळताना पानोपानी कुणी ना कुणी आमदार ‘नाराज’ सापडतो. तो खरंच रुसलेला असायचा की ही बातमीदारांची सवय होती? मी त्या काळात इथल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. मथळे पाडणं हेच काम, त्यामुळे हा शब्द किती वेळा हाताखालून गेला असेल याची गणतीच नाही.

बातमीतल्या नाराज माणसाला काहीतरी हवं असायचं आणि ते मिळण्याची आशा अजून सुटलेली नसायची. मंत्रिपद, महामंडळ, गेला बाजार एखादी समिती. आशा सुटत चालली की आम्ही शब्द बदलायचो. पुढची पायरी ‘असंतुष्ट’. असंतुष्ट एकटा नसे, त्याचा गट असे आणि गटाच्या बैठका आमदार निवासात कुणाच्या तरी खोलीवर चालत. त्याच्याही पुढे ‘बंडखोर’. हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण नाराजाला घाईने बंडखोर केलं तर दुसऱ्या दिवशी फोन ठरलेला. ‘नाराज’ छापलं म्हणून मात्र कुणी तक्रार केल्याचं आठवत नाही. करतील कशाला? निम्म्या वेळा बातमी त्यांच्याच माणसाने पेरलेली!

वाक्याच्या शेपटाकडे लक्ष द्या. ‘नाराज असल्याचे समजते’ असेल तर त्याच्या जवळच्या माणसाने सांगितलंय. ‘नाराज असल्याची चर्चा आहे’ म्हणजे विधानभवनाच्या लॉबीत ऐकलेलं, बहुधा विरुद्ध गटाकडून. ‘नाराजी लपून राहिली नाही’ म्हणजे गडी कार्यक्रमाला फिरकलाच नाही.

आणि एक अगदीच रुक्ष कारण. एक कॉलमी मथळ्यात ‘नाराज’ आरामात बसतो, ‘असंतुष्ट’ आडवा पसरतो. जागेपायी सौम्य झालेले काही असंतुष्टही तुम्हाला त्या अंकांत भेटतील.

शब्दाला खरं वजन आलं ते कायद्याने. 1978मध्ये शरद पवार वसंतदादांचं सरकार पाडून मुख्यमंत्री झाले तेव्हा पक्षांतरबंदी नव्हती. बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री असतानाही (1982-83) नव्हती. ‘बंडोबांचे थंडोबा झाले’ हे त्यांच्या नावावर सांगितलं जाणारं वाक्य त्याच काळातलं. 1985च्या 52व्या घटनादुरुस्तीने मात्र एकट्यादुकट्याची वाट बंद केली. एकतृतीयांश आमदार फुटले तरच ती ‘फूट’, नाहीतर आमदारकी जाणार. तिथून पुढे नाराज कोण यापेक्षा नाराज किती, हा प्रश्न मोठा झाला. डिसेंबर 1991मध्ये नागपूर अधिवेशनात छगन भुजबळ शिवसेनेतून फुटले. मनोहर जोशींना विरोधी पक्षनेतेपद दिल्यावरून ते नाराज असल्याचं त्याआधी बरंच छापून आलं होतं. सेनेचे आमदार 1990च्या निवडणुकीत 52 आलेले, म्हणजे एकतृतीयांशाला 18 लागत. त्या दिवसांच्या बातम्यांत 18 हा आकडा का नाचतो ते यावरून कळेल.

2003च्या 91व्या दुरुस्तीने ही एकतृतीयांशाची फटही बुजवली. शिवाय मंत्रिमंडळावर 15 टक्क्यांची मर्यादा घातली. 288 आमदारांच्या विधानसभेत मुख्यमंत्री धरून 43 मंत्री, बास. नाराजांची पैदास वाढायला आणखी काय हवं! आता तर नाराज आमदार थेट ‘नॉट रिचेबल’ होतो. मधल्या पायऱ्या गेल्याच.

अंक चाळताच आहात तर एकेका नाराजाचा माग काढा. एक-दोन दिवसांत आतल्या पानावर ‘मी नाराज नाही’ असा खुलासा मिळेल. मग थेट पुढच्या मंत्रिमंडळ विस्ताराची किंवा महामंडळांच्या नेमणुकांची यादी गाठा. नाव असलं तर ‘नाराजी दूर’. नसलं तर पुढच्या निवडणुकीतल्या अपक्षांच्या यादीत शोधा. 1995साठी तर हे कराच: तेव्हा 45 अपक्ष निवडून आले, त्यांत बरेच काँग्रेसचे बंडखोर होते, आणि युतीचं सरकार अशा अपक्षांच्याच पाठिंब्यावर उभं राहिलं.