वाचकांचे प्रश्न : पाचवा बिट घेऊ का?

मागच्या अंकात घोड्याच्या तोंडाबद्दल थोडं लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आली त्यातली बहुतेक बिटबद्दलच, म्हणजे लगामाला जोडून घोड्याच्या तोंडात घालतात त्या दांडीबद्दलच आहेत, म्हणून यावेळी तेवढाच विषय घेते.

प्रश्न : ताई, माझा घोडा नऊ वर्षांचा, गेल्डिंग (खच्ची केलेला) आहे, घेऊन सात महिने झाले. वॉक आणि दुडकीत एकदम गुणी, पण कॅन्टर, म्हणजे दुडकीच्या वरची चाल, सुरू झाला की मान वर करून सुटतो, हातात काही राहतच नाही. आत्तापर्यंत चार बिट झाले, आधी सिंगल जॉइंटचा साधा स्नॅफल (लगाम थेट रिंगला लागतो तो बिट), मग फ्रेंच लिंक, मग फुल चीक, मग रबरचा. सोबत राइड करणारे म्हणतात आता गॅग घे नाहीतर पेलहॅम, त्याशिवाय हा थांबायचा नाही. घेऊ का? की बिट काढून सरळ हॅकमोर, म्हणजे बिटऐवजी नाकावरचा पट्टा, लावू?

उत्तर : नका घेऊ, निदान आत्ता तरी नका घेऊ. आधी मला हे सांगा की या सात महिन्यांत त्याचे दात कोणी बघितले का? तुमच्या पत्रात चार बिटची नावं आहेत पण दातांचा एक शब्द नाही, आणि मला काळजी वाटली ती तिथेच. मोठ्या घोड्याचे दात वर्षातून एकदा तरी घोड्यांच्या दातांचं काम येणाऱ्या डॉक्टरकडून तपासून घ्यायलाच हवेत, कारण त्याच्या दाढा आयुष्यभर वर येत राहतात आणि झिजत राहतात, झीज सारखी झाली नाही की कडेला धार येते, वरच्या दाढांची धार गालाला लागते आणि खालच्यांची जिभेला. त्यात बिटने गाल आत दाबला गेला की तो त्या धारेवरच दाबला जातो. काही घोड्यांना वरच्या दाढांच्या अगदी पुढे एक छोटा दात असतो, वुल्फ टूथ म्हणतात, त्याच्यावर बिट आपटत असेल तर घोडा मान वर करणारच, दुसरं काय करेल बिचारा.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. माझी एक घोडी होती, ती डोकं झटकायची आणि मी एका वर्षात तीन बिट बदलले, प्रत्येक वेळी पहिला आठवडा बरा जायचा, मला वाटायचं जमलं, आणि मग परत तेच. शेवटी डॉक्टरांनी तोंड नीट उघडून आत बॅटरी मारली तर आतली एक दाढ तुटलेली निघाली. वर्षभर ती मला सांगत होती आणि मी तिला बिट बदलून गप्प करत होते. अजून आठवलं की पोटात कालवतं.

दात ठीक निघाले तर पाठ बघा, खोगीर खांद्यांवर दाबतंय का बघा, कारण कॅन्टरमध्येच पळतो आणि दुडकीत नाही याचा अर्थ पाठीत किंवा बॅलन्समध्ये काहीतरी असू शकतं, त्याचा तोंडाशी संबंध नसेलही. तेही ठीक असेल तर मग आपले हात. थांबत नाही म्हणून आपण ओढतो, आणि सतत ओढ लागली की घोडा त्या ओढीवर टेकून पळतो, ओढ म्हणजे त्याला आधार झाला. वीस मीटरच्या सर्कलवर दुडकी, चार-पाच ढांगा कॅन्टर, परत दुडकी, असं करत राहा, आणि त्याने थोडं जरी ऐकलं तरी त्याच क्षणी हात हलका करा. हात हलका झाला यावरूनच त्याला कळतं की आपलं बरोबर होतं, बिट कुठलाही असो, ते हलकं होणं आलं नाही तर घोडा शिकणार कशातून?

आता गॅगबद्दल, कारण तुमच्या घोड्याला तो सुचवलाय हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. गॅगमध्ये रेन, म्हणजे लगामाची वादी, ओढली की बिट गालाच्या पट्ट्यावरून वर सरकतो, ओठांचे कोपरे वर खेचले जातात आणि त्याचवेळी कानांमागे, पोलवर, खाली दाब येतो. म्हणजे एकाच वेळी वर हो आणि खाली हो. जो घोडा आधीच मान वर करून पळतोय त्याला हे दिलं तर त्याने करायचं काय? पेलहॅम त्यापेक्षा समजायला सोपा पण तो लिव्हर, म्हणजे तरफ आहे हे विसरू नका. समजा बिटच्या वरचा दांडा पाच सेंटीमीटर आणि खालचा दहा, तर खालच्या रेनवर तुम्ही जेवढं ओढाल त्याच्या ढोबळमानाने दुप्पट ताण हनुवटीखालच्या कर्ब चेनवर आणि पोलवर जातो आणि तोंडातल्या दांडीवर तर सगळं मिळून तिप्पट. ज्याचा हात अजून स्थिर नाही त्याची प्रत्येक चूक तीन पटीने आत पोचते. शिकलेल्या हातात, दोन रेन धरून, रोजचं काम वरच्या रेनवर आणि खालची फक्त लागेल तेवढी, असा वापरला तर पेलहॅम वाईट नाही, काही जाड जिभेच्या घोड्यांना त्याची सरळ दांडी जॉइंटवाल्या स्नॅफलपेक्षा आवडते सुद्धा. पण ब्रेक म्हणून घेऊ नका.

हॅकमोर म्हणजे बिट नाही म्हणून दुखत नाही असं लोक समजतात, तसं नाहीये. लांब दांड्यांचा मेकॅनिकल हॅकमोर पण लिव्हरच आहे, आणि नाकाचं हाड खाली नाकपुडीकडे फार पातळ होत जातं, पट्टा तिथे खाली बसला तर श्वासही अडतो. दात दुखत असतील तर बरे होईपर्यंत साधा, लिव्हर नसलेला बिटलेस चांगला, पण ते बंदिस्त जागेत आणि हळू कामासाठी. पळणाऱ्या घोड्याला मोकळ्या मैदानात पहिल्यांदा बिटलेस लावून बघू नका प्लीज.

प्रश्न : आमच्याकडे दोन घोडे आहेत, एक बिट दोघांना चालेल का? साइज कसा मोजायचा आणि एका घोड्याला किती बिट असावेत?

उत्तर : दोघांना एक नको. साइज जुळला तरी नको, कारण स्ट्रँगल्ससारखा (घशाच्या गाठी सुजवणारा) आजार एकाचं सामान दुसऱ्याला लावल्याने सहज पसरतो आणि बिटला तर थेट लाळ लागलेली असते. ज्याचा बिट त्यालाच, ब्रायडलला, म्हणजे बिट अडकवतो त्या डोक्याच्या साजाला, नावाची पट्टी लावा म्हणजे घाईत अदलाबदल होणार नाही.

मोजायला एक गुळगुळीत लाकडी दांडी किंवा जाड दोरी घ्या, बिट जिथे बसतो तिथे तोंडात आडवी धरा, ओठांचा कोपरा संपतो तिथे दोन्ही बाजूला खूण करा. लूज रिंग घ्यायचा असेल तर दोन्हीकडे साधारण पाच-पाच मिलीमीटर मोकळे ठेवा कारण ती रिंग फिरते आणि ओठाची कातडी त्या भोकात चिमटली जाते, एगबट किंवा डी रिंग (यांची रिंग भोकातून सरकत नाही) असेल तर त्यापेक्षा लगत चालतो. बऱ्याच घोड्यांना १२५ ते १३५ मिलीमीटर, म्हणजे पाच ते सव्वापाच इंच लागतो, पण आकडा ऐकून घेऊ नका, मोजून घ्या. फार लांब घेतला तर जॉइंट मधे न राहता एका बाजूला सरकतो.

जाडीबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे की जाड बिट म्हणजे मऊ. दाब जास्त जागेवर पसरतो हे खरं, पण जागा असेल तर ना. घोड्याचं तोंड बंद असताना आत जवळजवळ सगळी जीभच असते, वर टाळू लगेच लागतो, मोकळी पोकळी जवळपास नाहीच. त्यात छोट्या तोंडाच्या, मांसल जिभेच्या घोड्याला वीस मिलीमीटरचा दांडा घातला तर त्याला तोंडच मिटता येत नाही, मग आपण म्हणतो तोंड उघडतो आणि नोजबँड, म्हणजे नाकावरून जाणारा पट्टा, आवळतो. नोजबँडखाली नाकाच्या हाडावर दोन बोटं आरामात जायलाच हवीत, बाजूला घालून बघू नका, तिथे कायम जागा असते. ओठ हळूच वर करून एकदा बघा, जीभ दोन्हीकडून बाहेर फुगतेय का, बार्स, म्हणजे पुढचे दात आणि दाढा यांच्या मधली दात नसलेली जागा, धारदार आहे की गोलसर. बार्सवर मांस असं नसतंच, पातळ हिरडी आणि लगेच हाड.

ओठाच्या कोपऱ्याला दोन सुरकुत्या यायला हव्यात असं शिकवतात, त्यावर फार जाऊ नका, काही घोड्यांचे ओठ असे असतात की बिट बराच वर गेला तरी सुरकुती येत नाही. कोपऱ्याला नीट टेकलेला, न लोंबणारा आणि न ताणणारा, आणि दातांवर न आपटणारा, एवढं बघा.

किती असावेत म्हणाल तर एक रोजचा आणि एक वेगळ्या आकाराचा, एवढे असले की पुरे. ग्रीक घोडेस्वार झेनोफन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवलंय की स्वाराकडे निदान दोन बिट असावेत, एक गुळगुळीत आणि एक काटेरी, काटेरीवर शिकवायचं म्हणजे मग गुळगुळीत आवडतो. दोन असावेत हे मला पटतं, काटेरीचं अजिबात नाही. दुसरा बिट हा जास्त कडक नसावा, वेगळ्या जागी दाब देणारा असावा. उदाहरणार्थ रोजचा डबल जॉइंटचा आणि दुसरा जॉइंट नसलेला, हलका वाकवलेला मुलन माउथ, म्हणजे घोड्याला काय आवडतं ते तुलना करून कळतं. एक बदललं की दोन-तीन आठवडे दुसरं काही बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला कळणार नाही. आणि घेताना मधला तुकडा बोट फिरवून बघा, फ्रेंच लिंक आणि डॉक्टर ब्रिस्टल दिसायला जुळे वाटतात पण पहिल्याचा तुकडा जिभेवर सपाट बसतो आणि दुसऱ्याची कड जिभेत रुतते.

प्रश्न : मी पंधरा वर्षांची आहे, रायडिंग स्कूलमध्ये शिकते. वाढदिवसाला तांब्याचा लूज रिंग मागणार आहे, जो घोडा मिळेल त्याला लावता येईल ना?

उत्तर : नाही गं, तसं नको करूस. प्रत्येक घोड्याचं तोंड वेगळं, आणि ते घोडे दिवसभर वेगवेगळ्या हातांखाली असतात, त्यांचा बिट सरांनी विचार करून ठरवलेला असतो, तो का निवडला ते त्यांना विचार, त्यातून खूप शिकशील. वाढदिवसाला चांगले ग्लव्हज माग. आणि मैत्रिणीला रेनचं एक टोक धरून डोळे मिटून बसायला सांग, तू दुसरं टोक धर आणि बोटं नुसती मिटून उघड, तिला किती कळतं ते तिलाच विचार. मग टोकं बदला. एवढ्याशा हालचालीने जिभेवर काय होत असेल ते तुला लगेच समजेल.

प्रश्न : स्वीट आयर्नचा (साध्या लोखंडाचा) बिट घेतला, तीन दिवसांत गंजला. फसवलं का मला? आणि जुने बिट किती वर्ष वापरायचे?

उत्तर : फसवलं नाही. स्वीट आयर्न गंजायचाच, तो वरवरचा गंज बऱ्याच घोड्यांना चवीला आवडतो, लाळ सुटते, म्हणूनच तो वापरतात. तांब्याची चवही काहींना अशीच आवडते, फक्त तांबं मऊ, चावऱ्या घोड्याने लवकर खराब होतं. काहींना या चवी नको असतात, ते स्टेनलेस स्टीलवरच खूश असतात. निकेलचा मुलामा मात्र उडायला लागला की टाकून द्या, त्याचे पापुद्रे जिभेला लागतात.

वर्षांवर जाऊ नका, बोटावर जा. प्रत्येक राइडनंतर साध्या पाण्याने धुवायचा, वाळायच्या आत धुतला तर घासावंही लागत नाही, पॉलिश तोंडात जाणाऱ्या भागाला कधीच नाही. धुताना सगळीकडून बोट फिरवा. लूज रिंगचं भोक झिजून त्याची कड धारदार होते, जॉइंट ढिला होऊन आत चिमटा बसतो, हे डोळ्यांना दिसत नाही पण बोटाला लगेच लागतं. रबरच्या बिटवर दातांच्या खुणा खोल गेल्या असतील तर तो गेला समजा, आत वायर किंवा चेन असेल तरी, कारण चावून तुटला तर राइड चालू असताना तुटतो. थंडीत लोखंड आधी तळहातात धरून गरम करा, मगच तोंडाशी न्या. आणि जो बिट खराब झालाय तो कोणाला देऊ नका, पेटीतही ठेवू नका, दोन तुकडे करून भंगारात टाका म्हणजे परत कुठल्या घोड्याच्या तोंडात जाणार नाही.