फायरवॉलच्या पत्र्यापेक्षा भोकं सांभाळा

प्रश्न : मी अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. गॅरेजमध्ये दोन आसनी ॲल्युमिनियमचं किट विमान बांधतो आहे. फायरवॉलचा, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या आगरोधक भिंतीचा, स्टेनलेस पत्रा फारच पातळ वाटतो. केबिनच्या बाजूनं फोमचं अस्तर चिकटवलं तर चालेल का? वायर आणि केबलची भोकं रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) घालून लाल सिलिकॉननं बुजवायचा विचार आहे.

उत्तर : पत्रा ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी असेल तर निश्चिंत राहा. प्रमाणित छोट्या विमानांनाही ही जाडी मान्य आहे. हौशी बांधणीला तो नियम लागू नसला, तरी कसोटी तीच धरावी : सुमारे ११०० अंश सेल्सिअसच्या ज्वाळेपुढे १५ मिनिटं टिकणं. विमान खाली उतरवायला ही मिनिटं लागतात. ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळतं. रबर आणि नायलॉन त्याच्या कितीतरी आधी जातात, आणि साधं लाल सिलिकॉन सुमारे ३०० अंशांपर्यंतचंच असतं. पत्रा शाबूत राहील, पण ज्वाळा भोकांतून आत येईल.

थ्रॉटल आणि मिक्स्चरच्या (इंधन-हवेचं प्रमाण ठरवणाऱ्या) केबलींना दोन भागांचे स्टीलचे 'आयबॉल', म्हणजे केबल मधून नेणारे गोळ्याच्या आकाराचे फिटिंग, बसवा. ॲल्युमिनियमचेही मिळतात, ते घेऊ नका. इंधनाच्या बल्कहेड फिटिंग्ज (भिंतीतून आरपार जाणारे नळीचे जोड) स्टीलच्याच हव्यात. निळ्या दिसतात त्या ॲल्युमिनियमच्या. नायलॉनची कडी असलेले नट १२० अंशांच्या वर पकड सोडतात, म्हणून इथे पूर्ण धातूचे लॉकनट वापरा. वायरींसाठी भोकावर फ्लँज (पसरट कड) असलेली स्टेनलेसची आखूड नळी स्क्रूनं बसवा. जुडगा त्यातून ओढून वरून फायरस्लीव्ह (आगरोधक बाही) चढवा, दोन्ही टोकं स्टेनलेस क्लॅम्पनं आवळा आणि नळीचं तोंड फायरवॉलसाठीच्या सीलंटनं भरा. इंधनाच्या टाकीचं सीलंट इथे चालत नाही, ते जळतं. हीटरच्या झडपेकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. दोन इंची भोकावर ॲल्युमिनियमची झडप म्हणजे आगीला उघडा दरवाजा, ती स्टेनलेसची घ्या.

फोम मात्र लावूच नका. ज्वाळा आरपार आली नाही तरी पत्र्याची आतली बाजू लालबुंद होते आणि फोम व त्याचा गोंद विषारी धूर सोडतात. अस्तर हवंच असेल तर इंजिनाच्या बाजूला ३ मिमी सिरॅमिक फेल्ट लावा, त्यावर स्टेनलेसची फॉइल घाला आणि कडा सीलंटनं पक्क्या बंद करा. कडा उघडी राहिली तर फेल्ट तेल शोषून घेतं.

भोक पाडताना कोबाल्टचं बिट, कमी वेग, भरपूर दाब आणि कटिंग ऑइल हवं. मागे लाकडाचा ठोकळा धरा. बिट नुसतं घासत राहिलं की ती जागा कडक होते आणि मग काही केल्या कापली जात नाही. मोठ्या भोकांना नॉकआउट पंच (बोल्ट आवळून पत्रा कापणारं हत्यार) उत्तम. कडेची धार नीट काढा, ती वायरीचं आवरण कापते.

शेवटी रात्री दिवे घालवून केबिनमध्ये प्रखर टॉर्च लावा आणि इंजिनाच्या बाजूनं बघा. जिथून उजेड दिसेल तिथून कार्बन मोनॉक्साइडही आत येईल.

प्रश्न : जागा बदलल्यामुळे दोन भोकं उगाच राहिली आहेत. प्लास्टिकचं बूच लावू का?

उत्तर : नको, ॲल्युमिनियमची टेपही नको. तेवढ्याच जाडीच्या स्टेनलेसचं ठिगळ भोकाच्या कडेपलीकडे चहूबाजूंनी किमान अर्धा इंच येईल असं कापा, खाली फायरवॉल सीलंट लावा आणि स्टीलच्या रिव्हेटनी बसवा.