वाचकांचे प्रश्न : आधी काळं-पांढरं, रंग शेवटी

प्रश्न : फोटो न घेता, कोऱ्या पानापासून फोटोशॉपमध्ये झगझगीत रंगांचं अमूर्त चित्र करायचं आहे. फिल्टर लावत गेलं की शेवटी गढूळ तपकिरी काहीतरी उरतं. सुरुवात कुठून करावी? (नाशिक)

उत्तर : रंगापासून करू नका. उजेड कुठे आणि काळोख कुठे, हे काळ्या-पांढऱ्यात पक्कं झालं की मगच रंगाला हात लावा. रंगीत थरांवर फिल्टर चालवले की प्रत्येक पायरीत रंग एकमेकांत मिसळत राहतात आणि गढूळपणा तिथेच येतो.

१२०० बाय १२०० पिक्सेलची, आरजीबी, ८ बिटची फाइल घ्या. 'डी' दाबून रंग काळा-पांढरा करा. फिल्टर मेनूतून रेंडर, क्लाउड्स. ऑल्ट दाबून ठेवून निवडलं तर ढग जास्त ठसठशीत येतात. त्यावर पिक्सेलेट, मेझोटिंट, प्रकार 'मीडियम लाइन्स'. पडद्यावर नुसता कचरा दिसेल, तो तसाच हवा. आता ब्लर, रेडियल ब्लर : अमाउंट १००, पद्धत झूम. हाच फिल्टर आणखी दोनदा लावा. कचऱ्याच्या जागी मधून बाहेर फाकणारे किरण तयार होतात.

हा थर कंट्रोल-जेने दुप्पट करा. खालच्या थरावर डिस्टॉर्टमधला ट्विर्ल अधिक १००, वरच्यावर उणे १५०. वरच्या थराचा ब्लेंड मोड 'लाइटन'. दोन उलट पीळ एकमेकांत गुंफले जातात आणि चित्राला खरा आकार इथे मिळतो. आकडे बदलून पाहायचे असतील तर हेच दोन बदला.

मग दोन्ही थर एक करा, इमेज मेनूतल्या मोडमध्ये १६ बिट निवडा आणि त्यानंतरच इमेज साइजमधून चित्र ३००० किंवा ३६०० पिक्सेलपर्यंत वाढवा. सुरुवातीलाच मोठी फाइल घेतली तर फसगत होते. मेझोटिंटच्या रेघा ठरावीक पिक्सेलांच्याच असतात, फाइलबरोबर त्या वाढत नाहीत. रेडियल ब्लरचा आवाका मात्र वाढतो. परिणामी मोठ्या फाइलमध्ये किरण पुसट होऊन सगळं करडं होतं. ब्लर केलेले मऊ आकार नंतर वाढवले तरी खराब दिसत नाहीत.

शेवटी कंट्रोल-एलने लेव्हल्स उघडून काळी आणि पांढरी टोकं आत ओढा, कारण तीन ब्लरनंतर चित्र सपाट झालेलं असतं. त्यावर ग्रेडियंट मॅपचा, म्हणजे गडदापासून उजळापर्यंतच्या छटांना पट्टीतले रंग नेमून देणारा, अॅडजस्टमेंट लेयर टाका. मधोमध ठिपके उरले तर दचकू नका, झूम ब्लर केंद्राजवळ जवळजवळ काहीच पुसत नाही. रेडियल ब्लरच्या खिडकीतल्या 'ब्लर सेंटर' चौकोनात केंद्र ओढून कोपऱ्यात नेलं की प्रश्न मिटतो, आणि रचनाही मधोमध फुललेल्या फुलासारखी ठोकळेबाज राहत नाही.

प्रश्न : ग्रेडियंट मॅपमध्ये निळा आणि पिवळा दिला, पण मधला भाग राखाडी झाला. का? (बेळगाव)

उत्तर : कारण ते दोन रंग एकमेकांच्या समोरचे आहेत. लाल, हिरवा, निळा या क्रमाने आकडे घेतले तर शुद्ध निळा म्हणजे ०, ०, २५५ आणि शुद्ध पिवळा म्हणजे २५५, २५५, ०. यांची सरासरी काढा : तिन्ही आकडे १२८ च्या आसपास, म्हणजे शुद्ध राखाडी. लाल आणि सायनचंही तसंच होतं.

उपाय म्हणजे मध्ये तिसरा रंग उभा करणं. एक चांगली चालणारी पट्टी अशी : ० टक्क्यावर गडद निळा (१०, १०, ४५), ३५ वर गुलाबी (२००, २०, १२०), ७० वर नारिंगी (२५५, १४०, ०), १०० वर फिकट पिवळा (२५५, २४५, २००). गडद टोक डावीकडे आणि उजळ टोक उजवीकडेच राहू द्या, नाहीतर चित्र फोटोच्या निगेटिव्हसारखं उलटं दिसेल.

तीनापेक्षा जास्त मुख्य रंग शक्यतो नकोत, आणि त्यांतला एक बाकीच्यांवर भारी असू द्या. वासुदेव गायतोंडे यांची अनेक चित्रं एकाच रंगाच्या छटांवर उभी आहेत. रोलर आणि पॅलेट नाइफने थर चढवायचे, खरवडायचे, आणि तेवढ्यात अख्खा कॅनव्हास जिवंत व्हायचा. संगणकात लाखो रंग हाताशी असताना हा संयम शिकण्यासारखा आहे.

प्रश्न : फोटोशॉप परवडत नाही. जिम्पमध्ये हे जमेल का? (मडगाव)

उत्तर : जमेल. मेझोटिंटऐवजी फिल्टर्स, रेंडर, नॉइजमधला सॉलिड नॉइज घ्या. एक्स साइज १ आणि वाय साइज १२ असे विषम आकडे दिले की ढगांऐवजी लांबट पट्टे येतात. मग डिस्टॉर्ट्समधला व्हर्ल अँड पिंच, कोन १८० अंशांच्या आसपास. रंगासाठी कलर्स, मॅप, ग्रेडियंट मॅप. तो त्या क्षणी निवडलेलीच ग्रेडियंट वापरतो, म्हणून आधी ग्रेडियंटच्या यादीतून हवी ती निवडून ठेवा. हा बदल थरावर थेट होतो, म्हणून त्याआधी थराची प्रत काढा.

प्रश्न : मऊ रंगछटांमध्ये पायऱ्यांसारखे पट्टे दिसतात. (पुणे)

उत्तर : आधी १०० टक्के झूमवर पाहा. लहान करून पाहताना कधी कधी नसलेले पट्टेही दिसतात.

खरेच असतील तर हिशोब सोपा आहे. ८ बिटमध्ये एका चॅनलला २५६ पायऱ्या मिळतात. ब्लरनंतर चित्रात त्यांतल्या ६० च वापरल्या गेल्या असतील आणि त्या ३००० पिक्सेलांवर पसरल्या असतील, तर प्रत्येक पट्टा ५० पिक्सेल रुंद होतो. लेव्हल्स ताणल्या की पट्ट्यांमधलं अंतर आणखी डोळ्यांत भरतं. नुसतं १६ बिट निवडून हरवलेल्या छटा परत येत नाहीत. १६ बिट केल्यावर वाढवणं किंवा ब्लर करणं, यातून मधल्या छटा जन्मतात. म्हणूनच वर तो क्रम दिला आहे. चित्र आधीच तयार असेल तर पट्ट्याच्या रुंदीइतक्या त्रिज्येचा गॉशियन ब्लर मास्क लावून तेवढ्याच भागावर द्या आणि सर्वात शेवटी १ टक्का मोनोक्रोमॅटिक नॉइज घाला. ग्रेडियंट मॅपमध्ये 'डिदर'वर (बारीक ठिपके मिसळून पट्टे लपवणारा पर्याय) खूण असू द्या. जेपीईजी फार दाबून साठवली तर हा नॉइज पुसला जाऊन पट्टे परत येतात. बाराच्या मापात दर्जा ११ च्या खाली नेऊ नका.

प्रश्न : छापल्यावर रंग विझल्यासारखे का होतात? (सोलापूर)

उत्तर : पडदा प्रकाश फेकतो, कागदावरची शाई तो शोषते. गडद विद्युत निळा, पोपटी-हिरवा आणि झगझगीत जांभळा सीएमवायकेच्या, म्हणजे सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी या चार शाईंतून निघतच नाहीत. काम आरजीबीतच करा. व्ह्यू मेनूत प्रूफ सेटअपमध्ये छापखान्याने दिलेलं प्रोफाइल (त्यांच्या शाई-कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) निवडा आणि कंट्रोल-वायने छापील रूप पाहत ग्रेडियंटचे रंग सरकवा. विद्युत निळा थोडा गडद नेला की छापात तो जास्त भरदार दिसतो. कॅनव्हासवर किंवा आर्ट पेपरवर इंकजेटने छापणारे बहुतेक जण आरजीबी फाइलच मागतात, तेव्हा रूपांतर करण्याआधी विचारा. १२ बाय १८ इंचांच्या शीटला ३०० डीपीआयवर ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. कडेपर्यंत रंग हवा असेल तर छापण्याचा आकार शीटपेक्षा थोडा लहान ठरवा आणि चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जादा चित्र ठेवा, नाहीतर कापताना पांढरी रेघ राहते.