कोव्हर्ट ऑपरेशनला 'गुप्त कारवाई' म्हणावं का?

सानपाड्याहून भाचीने विचारलंय. ती इराणवरचा एक लेख मराठीत आणतेय आणि 'कोव्हर्ट ऑपरेशन'ला सगळेच 'गुप्त कारवाई' लिहितात, ते बरोबर का?

मला नाही पटत गं. गुप्त म्हणजे झालंय हेच कुणाला कळत नाही, हेर गडात शिरून माहिती काढून परत आला आणि किल्लेदाराला पत्ताच नाही, तसं. पण तेहरानमध्ये काय झालं बघ. इराणचे पंतप्रधान मोसादेक यांनी १९५१ ला तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं, ते ब्रिटनला झोंबलं, मग अमेरिकेचं हेरखातं सीआयए आणि ब्रिटिश हेरखात्याने मिळून पेपरांत बातम्या पेरल्या, पैसे चारून माणसं रस्त्यावर आणली आणि १९ ऑगस्ट १९५३ ला सरकार पाडलं. हे सगळं दिवसाढवळ्या, अख्ख्या शहरासमोर! लपलेलं होतं ते एवढंच की यामागे कोण आहे. सीआयएने यात आपला हात होता असं कबूल केल्याचे कागद बाहेर आले २०१३ मध्ये, म्हणजे ६० वर्षांनी.

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीत इलेक्शनच्या आदल्या रात्री प्रत्येक दाराखालून एक पत्रक सरकवलेलं होतं, खाली नाव नाही, सही नाही, प्रेसचं नावसुद्धा नाही. सकाळी लिफ्टमध्ये तोच विषय. त्या पत्रकाला गुप्त म्हणशील का? ते निनावी होतं, आणि सगळी मेख तिथेच आहे.

अमेरिकेच्या १९४८ च्या सरकारी आदेशातही हीच अट होती, की उघडकीला आलंच तर सरकारला हात झटकता आले पाहिजेत. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, नामानिराळं राहणं. आणि दुसऱ्याच्या गोटातली माणसं पैसे देऊन, कान भरून फोडायची याला फंदफितुरी, इतका चांगला शब्द आपण बखरींतच ठेवून दिलाय याचं मला खरंच वाईट वाटतं. कौटिल्य तर उघड युद्ध आणि कूटयुद्ध म्हणजे कपटाचं युद्ध यांच्यापुढे तिसरं तूष्णींयुद्ध, म्हणजे मूक युद्ध, सांगतो, त्यात गूढपुरुषांकडून, म्हणजे हेरांकडून, उपजाप म्हणजे हीच फोडाफोडी येते, पण लेखात तूष्णीं लिहिलंस तर वाचणारा अडखळेल.

'कारस्थान' नको, त्यात आपला निवाडा आधीच येतो.

मी असं लिहीन: 'अमेरिका आणि ब्रिटनने नामानिराळं राहून, फंदफितुरीने मोसादेकांचं सरकार पाडलं.'