लावणी मुळात खेड्यातली कला की शहरातली?

ज्याने तुम्हाला 'खेड्यातली' सांगितलं त्याला विचारा, लावणीकार शाहीर होनाजी कुठं राहायचा? पुण्याचा गवळी तो. घरात दुधाचा धंदा, आजोबांपासून चालत आलेलं कवित्व आणि दुसऱ्या बाजीरावाकडून नेमणूक. त्याच्या रचना गाणारा बाळा कारंजकर, म्हणून जोडीचं नाव होनाजी बाळा. ढोलकीच्या जागी तबला घेऊन बैठकीची, म्हणजे बसून गायची लावणी रुजवण्याचं श्रेय याच जोडीला देतात. बाकीचे शाहीर बघा. राम जोशी सोलापूरचा, अनंत फंदी संगमनेरचा, सगनभाऊ जेजुरीचा शिकलगार, परशराम जातीनं शिंपी. गावं वेगळी, जाती वेगळ्या, पण उत्तर पेशवाईत नाव आणि बिदागी कमवायची तर पुणं गाठावं लागे.

हे एवढं तावातावानं लिहितोय कारण आमच्या थोरल्या काकांशी माझं यावरून कायमचं वाजलेलं आहे. तरुणपणी मी एका संगीतबारीत, म्हणजे बायकांच्या लावणी गाण्या-नाचण्याच्या पार्टीत, पेटीवर बसायचो. घरी कळल्यावर काका म्हणाले, "क्लासची फी भरली ती बायकांच्या मागं पेटी बडवायला?" त्यांचं ठाम मत, लावणी म्हणजे जत्रेतला धांगडधिंगा, गाणं म्हणजे नाट्यसंगीत.

एकदा ओळखीच्यांच्या वाड्यात खासगी बैठक होती, तिथं त्यांना घेऊन गेलो. बाई साठीच्या पुढच्या. नऊवारी, अंगभर पदर, मांडी घालून बसलेल्या. मी पेटीवर काळी चारचा सूर धरला आणि त्यांनी मुखडा घेतला. धनी घरी आला नाही, एवढीच ती ओळ. तीच ओळ त्या घोळवत राहिल्या. आधी तक्रार, मग टोमणा, मग शेजारणीला सांगितल्यासारखं, मग आलाच नाही तर बरं अशा थाटात. हात खांद्याच्या वर गेला नाही. पदराचं टोक दोन बोटांत धरलेलं, डोळे तेवढे फिरतात. ओळ संपली की तबलजी लग्गी, म्हणजे जलद ठेक्याची लड, लावायचा आणि बाई गालात हसायच्या. काकांचा हात मांडीवर ताल धरू लागला, हे मी पेटीवरून बघितलं.

बाहेर पडल्यावर म्हणतात, "ठीक आहे, पण हे आपल्याकडचं गाणं नव्हे." आपल्याकडचं! हा गृहस्थ दर दिवाळीला उटणं लावता लावता 'घनश्याम सुंदरा श्रीधरा' म्हणतो. ती भूपाळी होनाजीची. हे सांगितलं तर म्हणे भूपाळी वेगळी, लावणी वेगळी. अहो, लिहिणारा तोच ना!

असो. १८१८ला पेशवाई बुडाली, आश्रयदाते गेले, मग तमाशाचे फड गावोगावच्या जत्रा धरू लागले. काकांना दिसते ती लावणी ही, नंतरची. पुढं मुंबईत गिरण्या आल्या, साताऱ्या-कोकणातून माणसं आली आणि तमाशाला पुन्हा शहरी प्रेक्षक मिळाला. तमाशातले शाहीर पठ्ठे बापूरावांनी मुंबईवर लावणी लिहिली, अण्णाभाऊ साठ्यांनीही लिहिली. लालबागचं हनुमान थिएटर हे तमाशाचं थिएटर गिरणगावच्या जिवावर चालायचं. अण्णाभाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड, म्हणजे लावणीच्याच जातीचं गाणं, तर बायको गावी ठेवून मुंबईत राबणाऱ्याचंच गाणं आहे.

आता, सगळं पुण्यातच जन्मलं असा माझा दावा नाही. पेशवाईच्या आधीचे संतकवी मन्मथस्वामी यांच्या नावावरही लावणी सांगतात. कलगी आणि तुरा या दोन शाहिरी पक्षांतल्या आध्यात्मिक सवाल-जवाबाच्या लावण्यांची वाट निराळीच. आणि शाहिरांची नावं पुस्तकांत आली, पण ज्या कोल्हाटी, महार, मांग घरांतल्या बायकांनी हे गाणं गळ्यात जपलं त्यांची फारशी आली नाहीत. पुणेरी म्हणून मिरवताना हे विसरू नये.

ऐकायचं असेल तर बैठकीच्या लावणीच्या गायिका यमुनाबाई वाईकरांपासून सुरू करा. सिनेमातल्या लावणीवरून मत बनवू नका, तिथं बहुतेक वेळा नाचच असतो, अदा, म्हणजे बसल्या जागी डोळ्या-हातांनी ओळ खुलवणं, दिसतच नाही.

आणि तुमच्या घरातही नाट्यसंगीतवाले काका असतील तर त्यांच्या कपाटातलं जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक काढा. पदाच्या डोक्यावर 'चाल', म्हणजे ते कुठल्या गाण्याच्या चालीवर म्हणायचं ते, छापलेली असते. ती त्यांनाच मोठ्यानं वाचायला लावा. कितीतरी चाली लावणीवरून उचललेल्या निघतील. आमच्या काकांनी पुस्तक मिटून चहा मागितला होता.