कॅनडातल्या बॅरीत राहून टोरांटोला रोज ये-जा जमते का? घर भाड्याने घेताना काय बघावं, आणि आई-वडील आले तर काय दाखवावं?

ये-जा जमते, पण घर कुठे घेता यावर सगळं आहे. नवीन माणूस तळ्याकाठचे फोटो बघून घर ठरवतो. मी म्हणेन, आधी स्टेशन बघा, मग गाडी ठेवायची जागा, मग भाडेकरार. तळ्याकडे नंतर बघता येतं. शहराच्या कुठल्याही टोकाहून तिथे गाडीने सहज पोचता.

बॅरी टोरांटोच्या उत्तरेला सुमारे ९० किलोमीटरवर आहे. सिम्को तळ्याचा केंपेनफेल्ट बे नावाचा फाटा पश्चिमेला आत घुसलाय, त्याच्या दोन्ही काठांवर शहर पसरलंय. २०२१ च्या जनगणनेत वस्ती १,४७,८२९ होती आणि दक्षिणेला नवी घरं अजून उठतायत.

टोरांटोला जाणाऱ्या गो ट्रेनची (प्रांत सरकारची लोकल) दोन स्टेशनं आहेत. अॅलनडेल वॉटरफ्रंट तळ्याला लागून आहे, तिथे गाडी ठेवायला जागा कमी. बॅरी साउथला पार्किंग मोठं आणि टोरांटोकडे जाताना ते काही मिनिटं जवळ. टोरांटोच्या मध्यभागातल्या युनियन स्टेशनपर्यंत साधारण पावणेदोन तास लागतात. थेट गाड्या मुख्यतः सकाळी टोरांटोकडे आणि संध्याकाळी परत अशा असतात. दुपारी निघालात तर बहुतेक वेळा मध्ये बस आणि ट्रेन बदलावी लागते. म्हणून आठवड्यातून दोन-तीन दिवस ऑफिस असेल तर हा बेत चांगला. पाचही दिवस जायचं तर दिवसाचे साडेतीन तास गाडीत जातील, हे घरच्यांशी आधी बोलून घ्या.

भाड्याच्या बाबतीत एक गोष्ट फार जणांना उशिरा कळते. बॅरी ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारियोत दरवर्षीच्या भाडेवाढीला सरकारी मर्यादा असते (२०२५ साठी ती २.५ टक्के होती). पण १५ नोव्हेंबर २०१८ नंतर पहिल्यांदा राहायला दिलेल्या घरांना ती लागू नाही. दक्षिण बॅरीतली कितीतरी घरं याच काळातली आहेत. अशा घरात मालकाने ९० दिवस आधी लेखी कळवलं की वर्षातून एकदा तो कितीही वाढवू शकतो. म्हणून सही करण्याआधी 'इथे पहिला भाडेकरू कधी आला?' हे विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. भाड्याचं डिपॉझिट म्हणून मालक फक्त शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ घेऊ शकतो. मोडतोडीसाठी वेगळे पैसे मागणं नियमात बसत नाही.

भाड्याचं बेसमेंट (तळघरातलं घर) बघायला गेलात तर थर्मोस्टॅट कुणाच्या ताब्यात आहे ते बघा. तो वरच्या मजल्यावर असेल तर जानेवारीत खाली गारठून जाल. आगीत बाहेर पडता येईल एवढी खिडकी हवीच. आणि ड्राइव्हवेतली एक जागा करारात लिहून घ्या, कारण हिवाळ्यात बर्फ काढता यावा म्हणून रात्री रस्त्यावर गाडी ठेवायला बंदी असते आणि दंड होतो.

बर्फाचा दोष लोक सिम्को तळ्याला देतात. खरा बर्फ पश्चिमेकडून येतो. ह्युरॉन सरोवर आणि जॉर्जियन बेच्या न गोठलेल्या पाण्यावरून थंडगार वारा वाहतो, ओल उचलतो आणि इकडे अरुंद पट्ट्यांत ओततो. त्यामुळे शहराच्या दक्षिणेला मेपलव्ह्यूला ऊन आणि उत्तरेला बेफील्ड स्ट्रीटला पुढची गाडी दिसत नाही, असंही होतं. टोरांटोला जाणाऱ्या हायवे ४००वर निघण्याआधी ऑन्टारियो ५११ ही रस्त्यांची स्थिती सांगणारी सरकारी सेवा बघायची सवय लावा. तापमान ७ अंशांखाली राहू लागलं की चारही विंटर टायर बसवा आणि विमा कंपनीला कळवा, हप्त्यात सूट मिळते.

बर्फ काढताना तो थांबायची वाट बघू नका. दहा-पंधरा सेंटीमीटर साचला की एक हात फिरवा. फावडं उचलण्यापेक्षा ढकला, कंबर वाचते. नंतर प्लाऊ (रस्त्यावरचा बर्फ सारणारी गाडी) येतो आणि ड्राइव्हवेच्या तोंडाशी ओला, घट्ट बांध घालून जातो. तो एकदम उचलायला जाऊ नका. वड्या पाडतात तसे उभे काप घ्या आणि अर्ध्या फावड्याने बाजूला टाका. रस्त्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर उजव्या हाताला टाका. इथे वाहनं उजवीकडून चालतात, म्हणजे प्लाऊ तुमच्या डावीकडून येतो. डावीकडे ढीग केलात तर प्लाऊ तोच बर्फ परत आत लोटतो. मीठ उणे १० च्या आसपास फारसं काम करत नाही, मग वाळू टाका.

आई-वडिलांना जून अखेर ते सप्टेंबर बोलवा. नॉर्थ शोर ट्रेल ही तळ्याकाठची पायवाट जुन्या रेल्वेमार्गावर आहे, त्यामुळे चढ जवळजवळ नाही आणि गुडघेदुखी असलेल्यांनाही झेपते. काठावरचं स्पिरिट कॅचर हे पोलादी शिल्प रॉन बेअर्ड यांनी व्हँकुव्हरच्या १९८६ च्या एक्स्पोसाठी घडवलं होतं, वाऱ्यात त्याचे पिसासारखे दांडे हलतात. सेंटेनियल बीचवर पाण्यात उतरायचं असेल तर जोराच्या पावसानंतर एक-दोन दिवस थांबा. पाण्यात जंतू वाढतात, आरोग्य खात्याची सूचना आधी बघून घ्या. शुक्रवारी संध्याकाळी टोरांटोहून निघू नका, सुट्टीसाठी उत्तरेच्या कॉटेजकडे निघालेले सगळे त्याच ४००वर असतात. शनिवार-रविवारी गोचा १० डॉलरचा दिवसभराचा पास घेऊन ट्रेनने आलेलं बरं. पाहुण्यांना सरकारी आरोग्यसेवा मिळत नाही, म्हणून वैद्यकीय विमा निघण्याआधीच काढा.

हिवाळ्यात आले तर बर्फावरच्या मासेमारीच्या झोपड्या बघायचा हट्ट होईलच. केंपेनफेल्ट बे हा तळ्याचा सर्वांत खोल भाग, सुमारे ४१ मीटर, म्हणून तो उशिरा गोठतो. दक्षिणेचा उथळ कुक्स बे आधी गोठतो. तिथल्या झोपड्यांचे फोटो बघून बॅरीच्या काठावरून आत चालत जाऊ नका. चालायला निदान १० सेंटीमीटर जाडीचा, निळसर पारदर्शक बर्फ हवा. दुधासारखा पांढरा त्याच्या निम्म्यानेच वजन पेलतो.