‘नाशवंत अन्न’: बाजारातलं आणि बायबलमधलं

वाशीहून एका वाचकाने विचारलंय: योहानाच्या शुभवर्तमानात (६:२७) नाशवंत अन्नासाठी नव्हे, तर टिकणाऱ्या अन्नासाठी श्रम करा, असं येशू म्हणतो. आमच्याकडे ‘नाशवंत माल’ म्हणजे बाजार समितीतली पालेभाजी. मग इथे ‘ऐहिक’ शब्द जास्त बरोबर नाही का?

नाही. इथे बाजारातलाच अर्थ धरायचा. ‘ऐहिक’ म्हटलं की अन्न नाहीसं होतं, नुसता उपदेश उरतो. प्रसंग पोटाचाच आहे. आदल्या दिवशी जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्यांत पाच हजार जेवले, म्हणून लोक सरोवर ओलांडून त्याच्या मागे आले. तुम्ही पोटभर जेवलात म्हणून मला शोधताय, हे तो २६व्या ओवीत तोंडावर सांगतो. ३१व्या ओवीत लोकच मान्न्याचा, म्हणजे त्यांच्या पूर्वजांना रानात आकाशातून मिळालेल्या अन्नाचा, विषय काढतात.

तो मान्ना आठवला की ‘नाशवंत’ची खरी गोम कळते. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात माप दिलंय: माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर. सकाळपर्यंत काही ठेवू नका, असा हुकूम होता; तरी ज्यांनी राखून ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले, घाण सुटली. पण सहाव्या दिवशी शब्बाथासाठी, म्हणजे सातव्या, विश्रांतीच्या दिवसासाठी, दुप्पट वेचलेला दुसऱ्या दिवशीही चांगला राहिला. म्हणजे खोट अन्नात नव्हती, हुकूम मोडून केलेल्या साठवणीत होती. शिवाय ४९व्या ओवीत येशू म्हणतो, तुमच्या पूर्वजांनी मान्ना खाल्ला तरी ते मेले. माल नासतो तसा खाणाराही जातो. ‘नाशवंत’ दोघांनाही लागतं, ‘ऐहिक’ लागत नाही.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. इथे ‘अन्न’ असं भाषांतर झालेला ग्रीक शब्द आहे ‘ब्रोसिस’: खाणं, खाद्य. हाच शब्द मत्तयाच्या शुभवर्तमानात (६:१९) भेटतो, पृथ्वीवर संपत्ती साठवू नका, तिथे कसर व जंग लागतात, या वाक्यात. आपण जिथे ‘जंग’ वाचतो तिथे मुळात ‘ब्रोसिस’ आहे! काही अभ्यासक तिथे गंज न मानता धान्य खाणारी कीड मानतात, पण खाण्याची कल्पना सुटत नाही. मराठीला हे समजावून सांगावं लागत नाही. खाडीकाठच्या इमारतीत दोन पावसाळे काढलेली खिडकीची जाळी पाहा, आपण सहज म्हणतो, ‘गंजाने खाल्ली.’ कपाटातल्या पैठणीला कसर लागली तरी तेच, ‘कसरीने खाल्ली.’ म्हणजे एका जागी माणूस खातो ते ब्रोसिस, दुसऱ्या जागी माणसाने साठवलेलं खाऊन टाकतं तेही ब्रोसिस. मराठीत अन्न वेगळं, जंग वेगळा, त्यामुळे हा धागा दिसत नाही. भाषांतरकाराचा त्यात दोष नाही.

जाता जाता ‘भाकर’. ‘मीच जीवनाची भाकर आहे’ (६:३५) यात ‘भाकरी’ का नाही? ‘मीठभाकर’, ‘भाजीभाकर’ यांतली भाकर म्हणजे एक नग नव्हे, निर्वाह. तो अर्थ इथे हवा. मात्र बायबलमधली ‘बेखमीर भाकर’, म्हणजे पीठ न आंबवता केलेली, कानाला विनोदी वाटते, कारण आपली भाकर मुळात बेखमीरच! खमिराचा तो पाव. पण ‘जीवनाचा पाव’ म्हटलं तर वडा आठवणार.

व्याकरण एवढंच: एक भाकर, पाच भाकरी, एक भाकरी, पाच भाकऱ्या. ‘भाकरीने’ हे रूप दोन्हींचं सारखंच.